अर्धी वाटी

तिने सुरी तर्जनीवर आडवी धरली. पातं आणि मूठ जिथे मिळतात तिथे बोट टेकवलं आणि दुसरा हात काढून घेतला. सुरी लगेच पात्याच्या बाजूला कलंडली. ती पडायच्या आत तिने मूठ पकडली आणि सुरी काउंटरवर ठेवली. ठेवली म्हणजे टाकलीच.

"मूठ पोकळ आहे," ती म्हणाली. "पातं आत बोटभरसुद्धा गेलेलं नाही. सहा महिन्यांत हातात नुसती मूठ राहील."

"मॅडम, ही आमच्याकडची सगळ्यात जास्त खपणारी सुरी आहे."

"खपणारच. सहा महिन्यांनी माणूस परत येतो ना."

विक्रेता हसला. त्याने दुकानाच्या रंगाचा टाय घातला होता. तो टाय त्याला दुकानानेच दिला असावा, आणि सुऱ्यांबद्दलचं ज्ञानही.

तिच्या मागे दोन पावलांवर तिचे वडील उभे होते. खांद्याला कापडी पिशवी, शर्टाच्या खिशात चष्म्याचं घर आणि त्याला लागून मोजायची स्टीलची पट्टी. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत पस्तीस वर्षं नकाशे काढून ते निवृत्त झाले, त्यालाही आता बारा वर्षं झाली होती, पण खिशातली पट्टी काही निवृत्त झाली नव्हती. दुकानात आल्यापासून ते तीन वाक्यं बोलले असतील. त्यातलं एक 'इथे गारठा फार आहे' हे होतं.

सोमवार हा तिच्या सुट्टीचा दिवस. एका मोठ्या हॉटेलच्या स्वयंपाकघराची ती प्रमुख होती आणि तिच्या हाताखाली बावीस माणसं होती. ती माणसं पाठीमागे तिला कोतवाल म्हणायची. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. आठवड्यातला हा एक दिवस ती झोपून काढायची. पण गेल्या आठवड्यात वडिलांचा फोन आला होता.

"जरा स्वयंपाकाची हत्यारं घ्यायची होती. चांगली. तुला कळतं त्यातलं."

तुला कळतं त्यातलं! फोन ठेवल्यावर हे तीन शब्द तिने जिभेवर घोळवून घोळवून चाखले होते. एकोणीस वर्षांची असताना तिने हॉटेलच्या शिक्षणाचा फॉर्म भरला, तेव्हा याच माणसाने ताटावरून उठताना विचारलं होतं, "लोकांची उष्टी काढायला शिकवलं का तुला?" आणि त्यानंतर दोन वर्षं ते तिच्याशी बोलले नव्हते. आई दोघांच्या मध्ये निरोप्यासारखी ये-जा करायची. ज्याने जन्मात स्वतःच्या हाताने पाण्याचा पेला भरून घेतला नाही, ताटावर बसल्या बसल्या 'मीठ' एवढाच शब्द उच्चारून बायकोला पळवलं, तो माणूस आता सुरी घ्यायला निघाला होता. आई जाऊन आठ महिने झाले होते. म्हणजे आठ महिन्यांत पोट बोलायला लागलं तर.

"हा सेट बघा, मॅडम." विक्रेत्याने लाकडी ठोकळ्यात खोचलेल्या सुऱ्या पुढे सरकवल्या. "एकवीस नग. प्रत्येक कामाला वेगळी सुरी."

"एकवीस कामं कोणती, सांगा बरं."

त्याने मोजायला सुरुवात केली. पाव, फळं, मासे, चीज, टोमॅटो. सहाव्याला तो अडला आणि पुन्हा फळांवर आला.

"राहू द्या," ती म्हणाली. "घरात तीन सुऱ्या लागतात. एक मोठी, एक छोटी, एक दातेरी. बाकीच्या अठरा पाहुण्यांना दाखवायला असतात. ती वरची काढा. ती नाही, काळ्या मुठीची. हो."

काळ्या मुठीच्या सुरीचं पातं मुठीच्या टोकापर्यंत सलग गेलेलं होतं आणि तीन रिवेट दोन्ही अंगांनी सपाट ठोकलेले होते. तिने ती बोटावर तोलली. सुरी पाण्याच्या पातळीसारखी स्थिर राहिली.

"ही घ्या," तिने वडिलांकडे न बघता सांगितलं. "आणि हिला भांड्यांच्या ढिगात टाकू नका. धुवायची, पुसायची, ठेवायची."

"बरं," वडील म्हणाले.

पुढच्या फळीवर काचेचे चिरायचे पाट मांडले होते. त्यांच्यावर फुलं छापलेली होती. काचेवर सुरी चालवणाऱ्याला स्वयंपाकघरात येऊ देऊ नये, असं तिचं मत होतं, आणि ते तिने शेजारी उभ्या असलेल्या, तिला मुळीच न विचारलेल्या एका बाईलाही ऐकवलं. बाईने हातातला पाट गुपचूप जागेवर ठेवला. पलीकडे एक नवं जोडपं मिक्सरच्या रंगावरून वाद घालत होतं. नवऱ्याला लाल हवा होता, बायकोला पिस्त्याचा. आत मोटर आहे का लाकडाचा भुसा, याची दोघांना पर्वा नव्हती. तिला वाटलं, या लोकांना मिक्सरऐवजी फुलदाणी दिली तरी ते खूश होऊन घरी जातील.

तव्यांच्या विभागात विक्रेत्याने शेवटचा प्रयत्न करून पाहिला. "यावर काहीच चिकटत नाही, मॅडम. तेलाचा थेंब नको."

तिने तवा उलटा केला, खालचा पातळ पत्रा नखाने वाजवला आणि तो आवाज त्याला ऐकू दिला. पत्र्याच्या डब्याचा आवाज.

"चिकटत नाही ते पहिलं वर्षभर. नंतर वरचा थर निघतो आणि पोटात जातो. जड तळाचं पातेलं दाखवा, स्टीलचं. तीन थर असलेलं, आणि थर वरपर्यंत गेलेले. नुसता तळाला चिकटवलेला तुकडा नको."

तिने दोन पातेली निवडली, एक लाकडी पाट, एक साल काढायचं सोलाणं. सोलाणं निवडताना तिने आठ बाजूला फेकली. विक्रेता आता बोलायचा थांबला होता आणि नुसता ती बोट दाखवेल ते काढून देत होता. सुतासारखा सरळ झाला होता. तिला बरं वाटलं.

मग वडील पहिल्यांदा पुढे झाले.

"बारीक करायचं यंत्र हवं," ते विक्रेत्याला म्हणाले. "अगदी बारीक."

"सर, हे बघा. हजार वॅटचं आहे!"

"वॅट म्हणजे ते वीज किती खातं," ती मध्येच म्हणाली. "काम किती करतं ते नव्हे."

वडिलांनी मान डोलावली, पण त्यांचं लक्ष तिच्याकडे नव्हतं. त्यांनी जारचं झाकण काढलं, खिशातून पट्टी काढली, आत उभी घातली आणि चष्मा कपाळावर चढवून वाकून बघितलं. मग पट्टी बाहेर काढून दुसऱ्या यंत्राच्या जारमध्ये घातली. मग तिसऱ्याच्या. रंगावरून भांडणारं जोडपं भांडण थांबवून बघू लागलं.

"बाबा, काय चाललंय?"

"पात्याखाली किती जागा राहते ते बघतोय. थोडंच घातलं तर खालचं फिरत नाही. न दळलेलं तसंच राहतं." त्यांनी विक्रेत्याकडे पाहिलं. "अर्धी वाटी घातली तर फिरतं का हे?"

विक्रेत्याला असा प्रश्न कोणी विचारला नव्हता. तो झाकणावर लिहिलेलं वाचू लागला.

प्रश्न बरोबर होता. तिच्या हॉटेलात कामाला येणाऱ्या नव्या पोरांना हे कळायला सहा महिने लागायचे. प्रश्न बरोबर होता, हेच तिला खटकलं.

"अर्धी वाटी?" ती म्हणाली. "एवढंसं कशाला? दात शाबूत आहेत ना अजून?"

वडिलांनी पट्टी पुसून खिशात ठेवली. "आहेत," ते म्हणाले.

तिने अरुंद तळाचा जार आणि खाली टेकलेली पाती असलेलं एक छोटं यंत्र निवडून दिलं. महाग होतं. वडिलांनी किमतीची चिठ्ठी पाहिलीही नाही. ज्या माणसाने आईला नवी कढई घेताना तीनदा दुकान बदलायला लावलं होतं, त्याने पाहिलीही नाही. स्वतःच्या पोटाची वेळ आली की माणसाचा हात कसा सैल होतो, असं तिच्या मनात आलं, आणि ती खोकी उचलून गाडीकडे निघाली.

गाडीत एका सिग्नलला वडील म्हणाले, "तुला चार वाजेपर्यंत वेळ आहे ना?"

"का?"

"नाही, असलाच तर."

"वस्तू लावून देते आणि जाते," ती म्हणाली.

तिसऱ्या मजल्यावरचं घर. आई गेल्यापासून ती इथे दोनदा आली होती, दोन्ही वेळा बाहेरच्या खोलीतच बसली होती. त्याआधी, आईच्या आजारपणाच्या दीड वर्षात, ती एक सोडून एक सोमवारी यायची. दुपारी तीनला यायची, तासभर बसायची. मेंदूत रक्ताची गाठ झाल्यापासून आईची डावी बाजू लुळी पडली होती. बोलणं जड झालं होतं, गिळायलाही जरा त्रास होतो असं वडील फोनवर म्हणाले होते. 'जरा' हा त्यांचाच शब्द. ती हॉटेलातून डबा घेऊन यायची. मऊ शिजवलेला मासा, लोण्यात परतलेल्या भाज्या, साहेब लोक ज्यासाठी महिनाभर आधी टेबल राखून ठेवतात ते पदार्थ. आई उजव्या हाताने डबा कुरवाळायची. नंतर खाते म्हणायची. स्वयंपाकाचं काय, असं तिने अगदी सुरुवातीला वडिलांना विचारलं होतं.

"व्यवस्था झालीय," ते म्हणाले होते.

म्हणजे बाई ठेवली असणार. दोन घरांचं उरकून तिसऱ्या घरी येणारी, सगळ्याला एकच फोडणी मारणारी बाई. त्या न पाहिलेल्या बाईच्या स्वयंपाकाचा तिला दीड वर्ष राग येत राहिला होता.

तिने स्वयंपाकघरातला दिवा लावला आणि खोकी ओट्यावर ठेवली.

"आधी जुनं काढते," ती म्हणाली. "नाहीतर तुम्ही नवं कपाटात ठेवाल आणि जुन्यावरच दिवस काढाल."

वडील दारात उभे राहिले. तिने पहिला खण ओढला. मूठ सैल झालेली एक छोटी सुरी, दोरा गुंडाळून घट्ट केलेली. टोक मोडलेली दुसरी. तिने दोन्ही कचऱ्याच्या पिशवीत टाकल्या. तळ करपून काळं पडलेलं पातेलं, तेही. कान तुटलेलं भांडं. मधोमध घासून पांढरा झालेला जुना मिक्सरचा जार, ज्याचं झाकण रबराच्या पट्टीने बांधलं होतं.

"हे कोणी वापरायचं असं?" ती म्हणाली. "पाती बघा. पाती आहेत की बटणं? यात काय दळलं जाणार, कपाळ?"

"दळलं जायचं," वडील म्हणाले. "चार-पाच वेळा फिरवावं लागायचं. मधे गार होऊ द्यावं लागायचं, नाहीतर मोटर जळते."

"बाईने सांगितलं वाटतं."

"कोण बाई?"

"स्वयंपाकाची. तुम्ही ठेवली होती ती."

वडील आत आले, कचऱ्याच्या पिशवीतून दोरा गुंडाळलेली सुरी बाहेर काढली आणि ओट्याच्या कडेला ठेवली. दुसरं काही काढलं नाही.

तिने वरचं कपाट उघडलं. आईच्या वेळी इथे कशाचा कशाला मेळ नसायचा. डब्यावर 'साखर' लिहिलेलं असायचं आणि आत मीठ निघायचं. आता डबे उंचीप्रमाणे लागले होते आणि प्रत्येकावर कागदाची पट्टी होती. अक्षरं छापल्यासारखी उभी, सारख्या अंतरावर. ती नकाशावरची अक्षरं होती. लहानपणी तिच्या वह्यांना कव्हरं घातल्यावर वडील याच अक्षरात विषयाचं नाव घालून द्यायचे.

कपाटाच्या दाराला आतून एक मोठा कागद चिकटवलेला होता. चौकोन आखलेला कागद, नकाशाचा. डाव्या बाजूला तारखा, पुढे बारीक अक्षरात नोंदी.

ती वाचू लागली. आधी तिला वाटलं, औषधांची यादी असेल.

'गाजर. चाललं. सहा चमचे.'

'मटार. साल राहिलं. ठसका. पुन्हा मटार नको.'

'बटाटा जास्त फिरवला. डिंकासारखा झाला. टाळ्याला चिकटला. रडली.'

'पाणी पातळ दिलं. चूक माझी. ठसका, ताप.'

'पाणी घट्ट करून. तीन चमचे. चाललं.'

'भोपळा. अर्धी वाटी पूर्ण! हसली.'

कागद एक नव्हता. पहिल्याखाली दुसरा होता, दुसऱ्याखाली तिसरा. तिने कोपरा उचलला. दीड वर्षाचे दिवस एकावर एक टाचलेले होते. कुठल्याशा जुन्या तारखेपाशी तिची नजर थांबली. शेजारी वार लिहिला होता.

'सोम. लेक आली होती. डबा. झाकण काढून वास दिला. डोळे मिटून घेतला. खूश.'

त्याच्या दोन आठवडे पुढे. 'सोम. डबा. वास.' आणखी पुढे. 'सोम. डबा. वास. मासा होता. बराच वेळ.'

फ्रिजची मोटर चालू झाली आणि बंद झाली. तिने कागदाचा कोपरा खाली सोडला आणि बोटाने सपाट केला.

"ती खात नव्हती?" तिने विचारलं.

"तोंडाने फक्त असं, दळलेलं थोडंसं." वडिलांनी हाताने काहीतरी दाखवलं, तळहातावर मावेल एवढं. "तुझ्या डब्यातलं तिला चाललं नसतं. एक कण श्वासाच्या नळीत गेला तरी छातीत पाणी व्हायचं."

"मला सांगायचं नाही का!"

"मी सांगणार होतो. तिने नको म्हणून खुणावलं. तू आणतेस ते ती खाते, असं तुला वाटू दे, म्हणाली. म्हणाली म्हणजे, लिहिलं. उजव्या हाताने. डबा मी खायचो. चांगला असायचा."

तुमच्या तोंडून हे 'चांगला' ऐकायला मला वीस वर्षं थांबावं लागलं, असं काहीतरी ती बोलणार होती. चांगलंच सुनवायचं होतं तिला. पण ओट्यावर ठेवलेल्या सुरीच्या मुठीवरचा दोरा इतका नीट, फेऱ्याला फेरा लावून गुंडाळलेला होता, की तिला त्यावरून नजर काढता येईना. आईला दोरा असा गुंडाळता येत नव्हता.

"मग हे सगळं आता कशाला?" तिने नव्या खोक्यांकडे हात केला. "आता कोणासाठी अर्धी वाटी?"

वडिलांनी घड्याळाकडे पाहिलं. चारला दहा कमी होते.

"आईच्या वॉर्डातली सिस्टर आहे ना, ती माणसं पाठवते माझ्याकडे. ज्यांच्या घरी असं कोणी आहे. हॉस्पिटलमधून घरी पाठवताना त्यांच्या हातात एक छापील कागद देतात आणि सांगतात, मऊ अन्न द्या. मऊ म्हणजे काय, हे कोण सांगणार? मला कोणी सांगितलं नव्हतं." ते खोक्याची टेप सोलू लागले. "दर सोमवारी चार वाजता येतात. पाच महिने झाले. जुन्या जारवर दाखवायची लाज वाटायची. लोक घरी जाऊन तेच विकत घेतात ना, आपण वापरतो ते."

त्यांनी यंत्र बाहेर काढलं, जार धुतला, पुसला, बसवला. ती बघत होती. हा माणूस भांडं पुसताना आतून बाहेर पुसत होता, कडेशी थांबत होता. आपल्या हाताखालच्या बावीस जणांतले निम्मेही असे पुसत नाहीत, असं तिला वाटलं, आणि तिने चटकन दुसरीकडे पाहिलं.

"गाजरं आहेत?" तिने विचारलं.

"खालच्या टोपलीत. शिजवून ठेवलीत थोडी."

तिने हात धुतले. घड्याळ काढून ठेवलं. यात सांगण्यासारखं काय होतं? गाजर गुळगुळीत करणं हे तिच्या हॉटेलातलं सगळ्यात सोपं काम होतं. ते पहिल्या महिन्यात शिकवतात. तिने अर्धी वाटी गाजर जारमध्ये घातलं, चमचाभर लोणी, गाजर शिजलेलं थोडं पाणी, आणि यंत्र हळू सुरू करून वेग वाढवत नेला. यंत्र चांगलं होतं. तिने निवडलेलं होतं. मिनिटाभरात जारमध्ये रेशमासारखा तजेलदार केशरी लोट फिरू लागला. पांढऱ्या बशीवर याचीच एक रेघ ओढली, की लोक फोटो काढतात.

तेवढ्यात घंटा वाजली. वडील दार उघडायला गेले. चौघं आत आले. स्वयंपाकघर तेवढ्याने भरून गेलं. पुढे एक धिप्पाड बस ड्रायव्हर होता, अंगात कामावरचाच शर्ट. त्याच्या बायकोला दोन महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आला होता. त्याच्या मागे कपडे शिवणारी एक बाई, गळ्यात अजून मोजायची टेप तशीच लटकलेली, आणि मग दोन सारख्या चेहऱ्याचे भाऊ. कोणी इकडेतिकडे बघितलं नाही. सगळे सरळ ओट्याकडे आले आणि जारकडे बघू लागले.

"नवीन यंत्र का, काका?" ड्रायव्हरने विचारलं.

"हो." वडिलांनी चमचा घेतला आणि तिने केलेलं त्यात भरलं. त्यांनी चमचा डोळ्यांसमोर धरला. मग हळूच तिरपा केला.

केशरी धार न तुटता वाटीत ओघळली.

"बघा," वडील चौघांना म्हणाले. आवाज चढवलेला नव्हता. तो आवाज तिच्या ओळखीचा होता. ताटावरून येणारा, एका शब्दाचा आवाज. "चव चांगली असेल. दिसतं झकास. पण हे वाहतंय. जिभेवर थांबणारच नाही. गिळायच्या आधीच घशात उतरेल आणि तिथून फुप्फुसात. चमच्यावर ढिगासारखं राहिलं पाहिजे, आणि तिरपं केलं की एकदम, अख्खं सुटलं पाहिजे. चिकटायचं नाही, वाहायचं नाही." ते तिच्याकडे वळले. "हे हॉटेलात चालत असेल. इथे नाही. परत कर."

बावीस माणसांनी हे ऐकलं असतं, तर त्यांना वर्षभर पुरलं असतं. तिचे कान तापले. तीन वाक्यांत या म्हाताऱ्याला गप्प करता येईल, हे तिला ठाऊक होतं, आणि ती तीन वाक्यं कोणती हेही ठाऊक होतं. ड्रायव्हरने मात्र खिशातून दुमडलेला कागद काढून त्यावर मोठ्या, ओबडधोबड अक्षरात लिहिलं : वाहायचं नाही. लिहिताना त्याची जीभ ओठांच्या कोपऱ्यात आली होती. त्याने दोनदा खाली रेघ मारली.

तिने जार रिकामा केला. धुतला. गाजराचे तुकडे कोरडे निथळून घेतले, लोणी बाजूला सरकवलं, पाणी चमच्याने मोजून घातलं. यंत्र थांबवून थांबवून फिरवलं, मधे कडा खरवडल्या. वडील शेजारी उभे राहून दोन भावांना बटाट्याबद्दल काही सांगत होते आणि तिच्याकडे बघत नव्हते.

तिने चमचा भरला आणि स्वतःच तिरपा करून पाहिला. अर्धं सुटलं, अर्धं चमच्याला धरून राहिलं. ती पुन्हा जारकडे वळली.

कपडे शिवणारी बाई तिच्या बाजूला येऊन उभी होती. तिने जारमध्ये वाकून पाहिलं, मग तिच्याकडे. बाईच्या डोळ्यांखाली बऱ्याच रात्रींची काळी वर्तुळं होती.

"पहिल्यांदाच आलात का?" बाईने हळू आवाजात विचारलं. "मलाही तीन वेळा परत करायला लावलं होतं काकांनी. घाबरू नका, जमतं." आणि मग, "तुमच्याकडे कोण आहे?"

यंत्राचं बटण तिच्या बोटाखाली होतं. ते तिने दाबलं नाही.

"आई," ती म्हणाली.

बाईने मान हलवली. ती थोडी सरकली आणि ओट्यापाशी तिला कोपर टेकता येईल एवढी जागा केली.